सुलानवरचा कारिन्यां

फोंजुल, ६ मार्च

रेमी,

सकाळपासून फोन लावतेय, तू उचलत नाहीस. ऑफिसात लावला तर त्या गोड आवाजाच्या मुलीने सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. म्हटलं, साहेबांना सांगा, मशीन आलंय. "कसलं मशीन?" म्हणाली. "साहेबांना माहीत आहे," म्हटलं आणि ठेवून दिला.

म्हणून लिहितेय. पत्र निदान हातात तरी घ्यावं लागेल तुला.

सुलानच्या उतरणीवरचा कारिन्यां आज उपटला. सगळा. आजोबांनी लावलेली द्राक्षाची एक वेल उभी नाही. मी खाली ग्रनाश द्राक्षांच्या बागेत छाटणी करत होते. वर घरघर ऐकू आली, वाटलं रस्त्याचं काम असेल. मग पायाखालची जमीन हलायला लागली, तशी कात्री टाकून धावत वर गेले. तोवर पहिली ओळ आडवी झाली होती. मुळं वर, डोकं खाली. मशीनवरचा माणूस सभ्य होता, हेच वाईट. इंजिन बंद करून उतरला, टोपी काढली, म्हणाला, "मॅडम, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे." खिशातून कागद काढून दाखवला. वेली उपटायचे सरकार पैसे देतं, ते मला नवीन नाही. अर्ध्या खोऱ्याने घेतलेत. पण या कागदावर तुझी सही होती. आणि तुझ्या सहीखाली आईची; ती आहे तोवर तिच्या सहीशिवाय त्या जमिनीचं काही होत नाही.

मी मशीनपुढे उभी राहिले. तो सिगारेट पेटवून थांबला. मला ढकलायची त्याला घाई नव्हती, त्याला माहीत होतं मी दमणार. शेवटी अशील आला. बाबांचा हा जन्माचा मित्र, आता चालताना एका बाजूला झुकतो. माझं कोपर धरून म्हणाला, "चल, मागाली. हे बघायचं नसतं."

मी बघितलं. जुनी वेल जमिनीतून सुटते तेव्हा कसा आवाज येतो, तुला माहीत आहे? जाड कापड फाडावं तसा. दुपारपर्यंत तो आवाज घरात ऐकू येत होता.

मशीनची काच फुटल्याची तक्रार तुझ्याकडे आली तर मला विचारू नकोस. डोंगरावर दगड पुष्कळ आहेत.

आईला विचारलं, तू यावर सही कधी केलीस? तिने मान खाली घातली. म्हणाली, "रेमीने नाताळात कागद आणला होता. मला वाटलं पेन्शनचा आहे." शाबास. डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या म्हातारीसमोर चॉकलेटचा डबा आणि कालवांची टोपली ठेवायची आणि त्याखालून कागद सरकवायचा. आणि मी त्या दिवशी तुझ्यासाठी भाजायच्या कोंबडीत चेस्टनट भरत होते!

बाबांच्या मातीला माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्या गावासमोर काय बोलला होतास? "वरचं माझ्या नावावर असलं तरी तुझंच आहे, मागाली. तूच कर." ज्या उतरणीवर छाटणी करता करता बाबा गेले, तिच्याबद्दल बोललास तू हे. मी विश्वास ठेवला. सख्ख्या भावाकडून लिहून कोण घेतं?

आता ऐक, तू काय केलंस ते. तू लियाँमध्ये बसून दुकानांसाठी वाइन विकत घेतोस, तेव्हा तुला शिकवायला नको, पण तरी शिकवते. ग्रनाश अंग देतो. सिरा रंग देतो. कारिन्यां त्या दोघांना ताठ उभं करतो. तो काढला की उरतं काय? उन्हात ठेवलेल्या सरबतासारखं काहीतरी, गोडसर आणि ढेपाळलेलं. आपली 'सुलान' ही वाइन त्या उतरणीच्या नावाने विकली जाते. उतरण आज बोडकी आहे. बाटलीवर आता काय चिकटवू, तुझा फोटो?

मागाली

२ एप्रिल

रेमी,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं. सही तेवढी शाईची; सह्यांचा तुला छंदच लागलाय.

तू लिहितोस, लोक आता लाल वाइन पीत नाहीत. लिहितोस, तरुण मुलं बिअर पितात, नाहीतर थंडगार गुलाबी वाइन. त्या वेली म्हाताऱ्या झाल्या होत्या, मूठभर घड द्यायच्या. कारिन्यां हवाच असेल तर कुणाकडूनही विकत घे. कुणाकडूनही! उद्या आई म्हातारी झाली म्हणून कुणाचीही आई आणशील का?

आणि शेवटचं ते वाक्य. "कधीतरी तुला कळेल." पाद्री झालास का रे? मला आत्ता कळतंय तेवढं पुरे आहे.

काल आम्ही मागच्या हंगामाच्या तिन्ही वाइन मिसळून मेळ बसवला. सेर्स वारा सुटला होता, आभाळ स्वच्छ, बाबांना लागायचा तसा दिवस. तळघरात टेबल मांडलं, तिन्ही टाक्यांतून तांब्याने काढून घेतलं. अशीलला बोलावलं. सोबत नुसता पाव ठेवला. तुला आठवत असेल, बाबा चीज ठेवू द्यायचे नाहीत. म्हणायचे, चीजबरोबर वाईट वाइनसुद्धा चांगली लागते, मग चाखायचं कशाला.

पहिला पेला मी बनवला. अशीलने घोट तोंडात घोळवून थुंकला. "तुझा बाप ओरडला असता," म्हणाला. "कारिन्यां घाल अजून."

"संपला की पुढं काय?"

"पुढचं पुढं. आज घाल."

मी घातला. मग पुन्हा थोडा घातला. आई पायरीवर बसून बघत होती. तिला पेला दिला तर घेतला नाही, पोट बरं नाही म्हणाली. तिला मी इतक्या वर्षांत मेळाच्या दिवशी पेला नाकारताना बघितलं नाही. तू तिला काय करून ठेवलंस बघ. हल्ली ती माझ्या नजरेला नजरसुद्धा देत नाही. लाजते. तुझ्या करणीची लाज तिला.

वाइन उत्तम झाली आहे. इतकी चांगली मला नको होती.

तुला एकही बाटली पाठवणार नाही.

मा.

१९ जून

रेमी,

चार वेळा निरोप ठेवला. निरोप ऐकतोस की त्या मुलीला ऐकायला लावतोस?

भांडायला लिहीत नाहीये. कामाचं लिहितेय. सुलानवर तुझी जमीन मोकळी पडली आहे आणि तिच्यावर कमरेएवढं गवत माजलंय. पाऊस नाही. गवत आत्ताच वाळलंय, हातात घेतलं की चुरा होतो. उपटलेल्या वेलींचे ढीग तसेच पडलेत. त्या माणसाने ढीग रचले आणि गेला. उचलायचे तुझ्याकडे होते. वेलीच्या काड्यांवर मटण भाजतात, ते तुझ्या लक्षात असेलच. मग त्या किती धडाडून पेटतात तेही आठव. घरांजवळची जमीन साफ ठेवायचा नियम आहे. तुझ्या जमिनीला लागून पहिलं घर अशीलचं आहे. दुसरं आपलं.

बाबा असताना त्या उतरणीवर नांगरलेली माती आणि हिरव्या वेली असायच्या. तिथे आगीला खायला काही नव्हतं.

मी आणि अशील परवा कोयते घेऊन गेलो. अशीलच्या कुंपणाकडून पट्टा कापायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी तुझा निरोप आला. कुणी कळवलं कोण जाणे, पण बघ, कसा पटकन आला! "कृपया माझ्या जमिनीवर जाऊ नये. सौर कंपनीशी बोलणी सुरू आहेत, मोजणी होईपर्यंत जागेला हात लावू नये." कृपया! बहिणीला कृपया! म्हणजे हे होतं तर. वेलींच्या जागी काचा.

अशीलला वाचून दाखवलं. तो कोयत्याची धार बघत राहिला. "साहेबांची जमीन आहे," म्हणाला, आणि कोयता खांद्यावर टाकून घरी गेला. तुला त्याने सायकल शिकवली होती. तुझं नाव घेतलं नाही त्याने. साहेब म्हणाला.

आई म्हणते, रेमीला कामं खूप असतील. मी म्हटलं, त्याची बाजू घेऊ नकोस, मला त्रास होतो. तर उठून आत गेली.

गवत काढ. कुणालातरी पैसे देऊन काढून घे. मला शिव्या दे, पण गवत काढ.

मागाली

१७ ऑगस्ट

रेमी,

आम्ही जिवंत आहोत. तू बातम्यांत बघितलंच असशील. आई बरी आहे, खोकते. माझे केस एका बाजूने जळलेत, ते वाढतील.

आग नारबॉनच्या रस्त्याकडून आली. कशी लागली कुणाला माहीत नाही. दुपारची वेळ, सेर्स इतका जोरात की दार ढकलावं लागत होतं. आधी जंगलातल्या झुडपांवरून आली. तिथवर ठीक, जंगल दर काही वर्षांनी जळतं. शेजारच्या मेस्त्रेच्या द्राक्षबागेपाशी ती अडली. मी गच्चीवरून बघत होते; अक्षरशः अडली, हिरव्या वेलींपाशी येऊन खाली बसली. मग तिला तुझी जमीन सापडली.

पाणी उतारावरून धावतं तशी आली ती. ढिगाऱ्यांना लागली तेव्हा स्फोट व्हावा तसा आवाज झाला, एकामागून एक. आजोबांच्या वेली, रेमी. त्या वेलींनी अशीलचं घर जाळलं.

तो बाहेर होता, कुत्र्याला सोडायला परत आत गेला. मी ओरडत राहिले. कुत्रा घेऊन आला बाहेर, पण दाराची कडी तापली होती, उजव्या हाताचं कातडं कडीलाच राहिलं. पिवळी विमानं पाणी ओतून गेली तोवर छप्पर आत कोसळलं होतं. बायकोचे कपडे त्याने अजून कपाटात ठेवले होते. तेही गेले.

आपलं घर वाचलं ते खालच्या ग्रनाशमुळे. त्याच्या वरच्या तीन-चार ओळी करपल्या, पुढे आग आली नाही. बाबांची बाग मध्ये उभी होती म्हणून तुझी आई तुला शिल्लक आहे.

आता अशील तुझ्या खोलीत झोपतो. तुझ्या भिंतीवरची ती फुटबॉलवाल्यांची चित्रं मी काढली. तो काही बोलत नाही. जेवायला बोलावलं की येतो, डाव्या हाताने खातो, थँक्यू म्हणतो. मला ते थँक्यू ऐकवत नाही.

तुझा निरोप वाचला. "तुम्ही सुखरूप आहात हे कळून हायसं वाटलं." तुला हायसं वाटलं. छान.

येऊ नकोस. आत्ता आलास तर मी काय करीन ते मला माहीत नाही.

मागाली

२१ सप्टेंबर

रेमी,

हे पत्र मी दोनदा फाडलं. हे तिसरं.

काल दुपारी जेवायला बसलो होतो. आई, अशील, मी. टपालात त्या सौर कंपनीचं पत्र आलं होतं, आईच्या नावाने. आग लागून गेल्यामुळे जागा "आता पूर्ण मोकळी" झाली आहे, आईने सही केली की काम सुरू. मी ते मोठ्याने वाचलं आणि मग माझं तोंड सुटलं. तुला जे जे म्हणायचं ते सगळं म्हटलं. चोर म्हटलं. म्हाताऱ्या आईला फसवून सही घेणारा, अशीलचं घर जाळणारा म्हटलं.

"पुरे," आई म्हणाली.

"काय पुरे? ज्याने तुला पेन्शनचा कागद म्हणून—"

"मला कुणी फसवलं नाही. चष्मा लावून वाचला मी तो कागद. दोनदा वाचला. रेमीला मीच बोलावलं होतं."

मी चमचा खाली ठेवला.

"तुझा बाप त्या उतरणीवर गेला," ती म्हणाली. "या अशीलने त्याला हातगाडीवरून खाली आणला. पुढच्या हिवाळ्यात बघते तर तू. त्याच ओळीत, त्याचीच कात्री, कमरेला पट्टा बांधलेला. मी रोज खिडकीत बसायचे. उजेड कमी व्हायला लागला की वाटायचं, आज हिलाही आणतात. तुला सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग?"

"मग खोटं का बोललीस? सहा महिने मी त्याला शिव्या देतेय!"

आई म्हणाली, "माझ्याशी बोलणं टाकलं असतंस. त्याच्याशी तू तशीही फारशी बोलत नव्हतीस."

असं म्हणाली ती. भाजीचा भाव सांगावा तशी.

आणि समोर अशील बसलेला. हाताला बँडेज. घर गेलेलं. आईने त्याच्याकडे बघितलं, आणि मग मात्र तिला पुढे बोलता येईना. अशीलने सूपचा वाडगा जवळ ओढला. मग म्हणाला, "नोएली, मीठ दे." तिने दिलं. देताना अर्धं टेबलावर सांडलं. त्याने ते बोटाने गोळा केलं, सूपमध्ये टाकलं, आणि खाल्लं.

मी तळघरात गेले आणि टाकीला लाथ मारली. पायाचं बोट सुजलंय.

आता तू. उन्हाळाभर मी तुला चोर म्हणत होते आणि तू चोर होऊन गप्प बसलास. का? आईने गप्प बस म्हणून सांगितलं म्हणून? पन्नाशीला आलास. "कधीतरी तुला कळेल!" म्हणे. एक ओळ लिहायची होतीस रे, "आईला विचार" एवढी. तुला त्यात मोठेपणा वाटला असेल. बहिणीच्या शिव्या खाऊन आईला वाचवणारा मुलगा. मला तो मोठेपणा नको. मला वेडी बनवून दोघांनी माझं भलं केलंत. माझं भलं करायला मला विचारायची गरज तुमच्यापैकी कुणालाच वाटली नाही. मी त्या उतरणीवर मेले असते तर माझी मी मेले असते.

आणि गवत? सही आईची, ठीक. गवत कापू नकोस हेही आईने सांगितलं होतं का? काचा बसवायची कल्पना आईची होती का? ते "कृपया" आईने लिहिलं होतं का?

ते तुझं आहे. ते मी आईच्या अंगावर टाकू देणार नाही, आणि तूही टाकू नकोस.

मागाली

२४ ऑक्टोबर

रेमी,

तुझं पत्र आलं. हाताने लिहिलेलं. तुझं अक्षर अजून तसंच घाणेरडं आहे. गवताबद्दल एकही सबब सांगितली नाहीस, तेवढं बघितलं मी.

आधी बातम्या. कंपनीचा माणूस आला होता, चकचकीत बूट, हातात नकाशा. आईने त्याला बसवलं, कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला सह्या करायचा कंटाळा आलाय." त्याला वाटलं थट्टा करतेय, तो हसला. तिने त्याची कॉफी संपेपर्यंत वाट बघितली आणि दार उघडून धरलं. तेव्हा ते प्रकरण मिटलं. तुझ्या ऑफिसात त्यांचा फोन आला तर त्या मुलीला सांग, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

द्राक्षं. घराजवळच्या ग्रनाशचा रस काढून बरणीत आंबवून बघितला. राखेची चव. चुलीच्या तोंडाशी जीभ लावावी तशी. तो सगळा वेलीवरच सोडला, रानडुकरांची चैन झाली. नदीकडच्या तुकड्यावर धूर गेला नव्हता, तिथला सिरा आणि ग्रनाश तोडला. तेवढाच काय तो हंगाम. काल दोन्ही एकत्र करून बघितले. अजून कोवळी आहे, पण कळतं. रंग छान, वास छान, मऊ. अशीलने घोट घेतला, थुंकला नाही, गिळला.

"चांगली आहे," म्हणाला. "कुणाची?"

मी हसले, रेमी. मार्चनंतर पहिल्यांदा. मग रडले, पण ते तळघरात. ही वाइन विकीन, पोटाला लागतं. पण तिच्यावर 'सुलान' लिहिणार नाही.

वर पुन्हा कारिन्यां लावायचा का, हे माझं ठरलेलं नाही. लावला तर त्याची खरी वाइन होईपर्यंत मी आईच्या वयाची असेन. ठरवीन ते मी ठरवीन. कुणी माझ्यासाठी रडायचं नाही आणि कुणी माझ्यासाठी सही करायची नाही.

आता तुझं. "येऊ का?" म्हणून विचारतोस. अशीलच्या घराच्या भिंती उभ्या आहेत. आत जळक्या तुळया, कौलं, वितळलेला फ्रिज, कमरेएवढा राडा. मेस्त्रे ट्रॅक्टर देतोय, माणसं हवीत. शनिवारी ये. जाड बूट घाल, हातमोजे आण, गाडी खाली चौकात लाव. चॉकलेट आणू नकोस. हॉटेलात उतरू नकोस. तुझ्या खोलीत अशील आहे, तू स्वयंपाकघरातल्या बाकावर झोप. अशीलपुढे भाषण करू नकोस. त्याच्यासमोर उभा राहा, तो जे म्हणेल ते ऐक, आणि काहीच म्हणाला नाही तर फावडं उचल.

मी तुझ्याशी बोलणार नाही. किती दिवस, ते मला ठाऊक नाही. आईशी मी परवापासून सुरुवात केली आहे. तीही "दार लाव" आणि "औषध घे" एवढीच. तुझा नंबर तिच्यानंतर.

मागाली